सातपूरला क्वालिटीत आहे, वेब डेव्हलपमेंटकडे वळायचंय. क्लास लावू की घरीच शिकू?

निफाडकर_२४
नमस्कार मंडळी. मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, सातपूर एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे, कॉन्ट्रॅक्टवर. शिफ्ट दर आठवड्याला बदलते. घरी कांदा आणि थोडी द्राक्षं. व्हिडिओ बघून एचटीएमएल, सीएसएस (वेब पानाची मांडणी आणि रंगरूप) शिकलो, दोन-तीन पानं बनवली आणि गोडी लागली. कॉलेज रोडच्या एका क्लासमध्ये चौकशी केली. सहा महिन्यांचा फुल स्टॅक (साइटची दिसणारी आणि मागची सर्व्हरची, दोन्ही बाजू) कोर्स, फी ८५ हजार, हप्ते करून देतो म्हणाले. शंभर टक्के प्लेसमेंट. आजच बुक केलं तर दहा हजार कमी. वडील म्हणाले तुझं तू ठरव, पण द्राक्षाचे पैसे अजून व्यापाऱ्याकडेच अडकलेत. मेकॅनिकलवाल्याला या लाइनमध्ये घेतात का?

सिडको_भाऊ
हप्ते क्लासचे नसतात भावा, बहुतेक ठिकाणी फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. क्लास मध्येच सोडला तरी हप्ता कापला जातो. सही करण्याआधी कागद घरी आणून वाच. आणि प्लेसमेंट म्हणजे नक्की काय, ते लेखी माग. पुष्कळदा नुसत्या मुलाखती लावून देतात.

इंदिरानगर_ताई
वर कर्जाचं सांगितलंय ते शंभर टक्के खरं. "आजच बुक करा" असं जिथे ऐकू येईल तिथून उठून यायचं. शिकायचं साहित्य फुकट आहे आणि उत्तम आहे: मोझिलाचं एमडीएन (वेबच्या भाषांची माहिती देणारी साइट), फ्रीकोडकॅम्प, हार्वर्डचा सीएस५० हा संगणकाचा कोर्स. इंग्रजी सुरुवातीला जड जाईल. तरी एमडीएनचं रोज एक पान सावकाश वाच, कारण नोकरीतही रोज तेच करायचं असतं. मी वेब डेव्हलपर आहे, नाशिकला राहून पुण्यातल्या कंपनीचं काम करते, आणि आजही ते पान माझ्यासमोर उघडं असतं.

आता मुद्द्याचं. तुमचा कांदा लासलगावला नाहीतर पिंपळगावला जात असेल. माल विकला की हिशोबपट्टी मिळते ना? वजन, भाव, हमाली, तोलाई, हातात येणारी रक्कम. त्या पट्ट्या नोंदवून ठेवणारं छोटं ॲप वडिलांसाठी बनव. खरेदीच्या साइटची नक्कल क्लासमधला प्रत्येक जण करतो. मुलाखत घेणारा ती बघून बघून कंटाळलेला असतो.

शिवाय पट्टीच्या ॲपमध्ये जे अडेल तेच खरं शिक्षण. फॉर्ममध्ये हमाली ४० आणि तोलाई ५ टाकशील, बेरीज येईल ४०५. कारण फॉर्मच्या रकान्यातून जावास्क्रिप्टला (ब्राउझरमध्ये चालणारी प्रोग्रॅमिंगची भाषा) मिळतो तो मजकूर असतो, आकडा नव्हे, आणि मजकुराला अधिकचं चिन्ह लावलं की तो नुसता एकापुढे एक जोडला जातो. ते निस्तरलंस की क्विंटलचे भाव चढत्या क्रमाने लावायला जाशील: ९५०, १२००, १८००. स्क्रीनवर दिसेल १२००, १८००, ९५०. सॉर्टला, म्हणजे क्रम लावणाऱ्या आज्ञेला, काही सांगितलं नाही तर तो आकडेसुद्धा शब्दांसारखे लावतो, आणि १ हा ९ च्या आधी येतो. तुलना कशी करायची ते फंक्शन आपण लिहून द्यायचं. मग ०.१ आणि ०.२ ची बेरीज करून बघ, उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. हे अपूर्णांक संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ च्या) पद्धतीत तंतोतंत मावत नाहीत. म्हणून पैशाचा हिशोब रुपयांत न ठेवता पैशांत, पूर्णांकात ठेवायचा. हे स्वतः अडून सोडवलेला मुलगा मुलाखतीत बोलायला लागला की लगेच कळतं.

आधी साधी जावास्क्रिप्ट, गिट (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन), आणि ब्राउझर नि सर्व्हरमध्ये काय देवाणघेवाण होते ते (४०४ आणि ५०० या एरर कोडमध्ये फरक काय, हे सांगता आलं पाहिजे). मग एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसशी बोलायची भाषा. रिॲक्ट (पानं बनवायची तयार जावास्क्रिप्ट लायब्ररी) त्यानंतर. रिॲक्ट २०१३ मध्ये खुलं झालं, त्याआधी सगळीकडे जेक्वेरी ही लायब्ररी होती, उद्या आणखी काही येईल. जावास्क्रिप्ट मात्र १९९५ पासून ब्राउझरमध्ये आहे.

आणि मेकॅनिकलचं ओझं वाटून घेऊ नकोस. माप कुठे चुकलं, का चुकलं, पुन्हा चुकू नये म्हणून काय करायचं, हा विचार तू रोज करतोस. सातपूर-अंबडच्या कितीतरी कंपन्यांत इन्स्पेक्शन रिपोर्ट अजून एक्सेलमध्येच भरतात. ते काम आतून माहीत असलेला डेव्हलपर सहज मिळत नाही.

निफाडकर_२४
ताई, मनापासून आभार. पट्ट्यांची फाईल घरात आहे, आजच काढतो. अजून दोन शंका. एआय सगळा कोड लिहितो म्हणतात, मग फ्रेशर घेतील कशाला? आणि डिग्री नाही त्याचं काय?

मुंबईनाका_सॉफ्टवेअर
आमची छोटी कंपनी आहे, मुलाखती मीच घेतो, म्हणून लिहितो. एआय आम्हीही दिवसभर वापरतो. त्यामुळे फ्रेशरच्या जागा कमी झाल्यात, हे तुझ्यापासून लपवणार नाही. पण त्याने लिहिलेलं तपासावं लागतं. गेल्याच महिन्यात लॉगिनच्या कोडमध्ये युजरने टाइप केलेला मजकूर सरळ एसक्यूएलच्या वाक्यात जोडलेला सापडला. अशा भगदाडातून कुणीही डेटाबेस रिकामा करू शकतो. ते ओळखायला पाया लागतो. मी उमेदवाराला त्याचाच प्रोजेक्ट उघडायला लावतो आणि समोर बसून एक बदल करायला सांगतो. पट्टीचं ॲप असेल तर विचारेन, एकाच दिवशी दोन ट्रॉल्या गेल्या तर नोंद कशी करशील? ज्याने स्वतः विचार केलाय तो उत्तर चुकलं तरी बोलत राहतो.

डिग्रीचं म्हणशील तर मोठ्या कंपन्या अर्जातच चाळणी लावतात, आमच्यासारखे फारसं बघत नाहीत. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्या नाशिकलाच आहे, नोकरी सांभाळून पदवी करता येते. नाशकात जागा पुण्यापेक्षा कमी आणि सुरुवातीचा पगारही कमी. पण पहिली दोन वर्षं जिथे अनुभवी माणसाशेजारी बसायला मिळेल ते ठिकाण धर, मग गाव कुठलंही असो.

इंदिरानगर_ताई
यांच्याशी सहमत. घरून काम वगैरे त्यानंतर. सध्याची नोकरी एवढ्यात सोडू नकोस, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात नवीन विषय घेऊ नकोस, आधी लिहिलेलंच वाच आणि सुधार. पहिलं कच्चं रूप झालं की गिटहबवर (गिटमधला कोड ऑनलाइन ठेवायची साइट) टाकून लिंक इथे दे, मी कोड बघून शेरे लिहीन. फक्त वडिलांच्या खऱ्या पट्ट्या, नावं, खाते नंबर त्यात टाकू नकोस. रिपॉझिटरी (प्रोजेक्टचं फोल्डर) पब्लिक ठेवली की ती कुणालाही दिसते, आणि पुसलेलं पान जुन्या कमिटमध्ये (गिटने जपलेल्या आधीच्या नोंदीत) तसंच राहतं. चाचणीसाठी खोट्या पट्ट्या तयार कर, एखादी मुद्दाम शून्य वजनाची ठेव.