सल्ला हवाय: कार्ड घरात असून चोरीला गेलं, आता काय काय करू?

रानजाई: बाबांचं क्रेडिट कार्ड कपाटात होतं, पाकिटातसुद्धा नाही, तरी त्यावर परदेशी साईटवर खरेदी झाली. ओटीपी आला नाही, नुसता पैसे गेल्याचा मेसेज. बँकेने कार्ड ब्लॉक करून नवीन पाठवलंय, तक्रार नोंदवलीये. बाबा फार धास्तावलेत. आरएफआयडीवालं, म्हणजे टॅपचं कार्ड दुरून कोणाला वाचता येऊ नये असं पाकीट घेऊ का? दर महिन्याला पैसे भरायची कुठलीही सेवा नकोय, तेवढं परवडत नाही.

खटपट्या: पाकीट घ्याच, डोळे झाकून. मी घेतल्यापासून एक रुपया गेलेला नाही. चामड्याचं घ्या, रेक्झिनचं टिकत नाही.

साधामाणूस: अहो पण त्यांचं कार्ड कपाटात होतं ना! पाकिटाने काय होणार? टॅप करायचं कार्ड जेमतेम काही सेंटीमीटरवरून वाचलं जातं आणि प्रत्येक टॅपला चिप नवा कोड बनवते, तो दुसऱ्यांदा चालत नाही. २०१३ मध्ये टार्गेट या अमेरिकन दुकानसाखळीच्या बिलिंग मशिनांमधून सुमारे ४ कोटी कार्डांचे तपशील चोरले, तेव्हा लोकांची पाकिटं खिशातच होती. नंबर फुटतो तो असा, दुकानाच्या नाहीतर साईटच्या बाजूने.

खटपट्या: घेतलं तर तोटा तरी काय? आणि रेक्झिनबद्दल मी बरोबरच बोललोय.

पारिजातक: ओटीपी का आला नाही ते सांगते. तो प्रत्येक देशात सक्तीचा नाही, बऱ्याच परदेशी साईटना नंबर, मुदत आणि कार्डाच्या मागच्या बाजूचे तीन आकडे पुरतात. म्हणून नवीन कार्ड आलं की पहिल्यांदा ॲपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद करा, ऑनलाईनची मर्यादा खाली आणा. फुकट आहे, दोन मिनिटांचं काम. मागचे तीन आकडे वहीत लिहून कार्डावरचे खरवडून टाका.

साधामाणूस: खरवडू नका हो, काही दुकानदार असं कार्ड घेत नाहीत. वरून चिकटपट्टी लावा.

पारिजातक: माझं सगळीकडे घेतात.

शांतचित्त: मी ओळख-संरक्षणाची वार्षिक सेवा घेतलीये, घरातल्या सगळ्यांची. थोडी महाग पडते पण आपला नंबर कुठे फुटला तर लगेच ईमेल येतो. तुम्हीही घ्या, पैशाकडे बघू नका.

रानजाई: दादा, वर लिहिलंय की परवडत नाही.

मृण्मयी_के: ईमेल येईपर्यंत नंबर फुटलेलाच असतो ना पण! २०१७ मध्ये इक्विफॅक्समधून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली, ती तर पतमाहिती, म्हणजे लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणारी कंपनी. मी अमेरिकेत असते, इथे क्रेडिट फ्रीझ, म्हणजे आपली पतमाहिती कुलूपबंद करणं, २०१८ पासून फुकट आहे, तो केला की आपल्या नावावर नवं कर्ज काढणं अवघड होतं. भारतात निदान पतअहवाल तरी बघा, अशी नोंद ठेवणाऱ्या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा तो फुकट द्यावाच लागतो. न घेतलेलं कर्ज दिसलं तर लगेच लेखी हरकत घ्या. माझ्या मावसभावाच्या पॅनवर कोणीतरी मोबाईलचा हप्ता लावला होता, ते निस्तरता निस्तरता तो अगदी रडकुंडीला आला.

आजोबा_ऑनलाईन: आमच्या वेळी रोख द्यायचे आणि विषय संपायचा. कार्डच बंद करा.

पारिजातक: आजोबा, उलट क्रेडिट कार्ड बरं. डेबिटमधून गेले की आपल्या खात्यातले जातात, क्रेडिटमध्ये निदान वाद चालू असताना पैसे बँकेचे अडकलेले असतात. आणि रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक ना आपली ना बँकेची असेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर भुर्दंड आपल्यावर येत नाही. म्हणून तक्रारीचा क्रमांक आणि वेळ जपून ठेवा, नुसत्या फोनवर भागवू नका.

खटपट्या: सिमला पिन लावा, मग सिम स्वॅप होत नाही, म्हणजे आपल्या नंबरचं दुसरं सिम काढून चोराला ओटीपी मिळवता येत नाही.

साधामाणूस: होतो. पिनमुळे चोरलेलं सिम दुसऱ्या फोनात चालत नाही एवढंच. स्वॅप कंपनीच्या बाजूने होतो, खोटी कागदपत्रं देऊन. फोनची रेंज अचानक गेली आणि रीस्टार्ट करूनही येईना तर दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीला आणि बँकेला गाठा. पिन लावाच पण, चोरीसाठी उपयोगी आहे, फक्त तीनदा चुकला की पीयूके, म्हणजे सिम उघडायचा वेगळा कोड लागतो, तो आधी लिहून ठेवा.

शांतचित्त: बाबांचे सगळे मेसेज आणि ॲप तुमच्याच फोनवर घ्या, वयस्कर माणसांच्या हातात ठेवू नये.

मृण्मयी_के: +१

पारिजातक: मीही हेच म्हणणार होते.

रानजाई: सगळ्यांचे मनापासून आभार. पाकीट नाही, सेवा नाही, कार्डही बंद करत नाहीये. परदेशी व्यवहार आत्ताच बंद केले, ऑनलाईनसुद्धा बंद ठेवून लागेल तेव्हाच चालू करणार. मेसेज मात्र बाबांच्याच फोनवर राहतील. पैसे त्यांचे आहेत आणि तो चोरीचा मेसेज त्यांनीच पहिल्यांदा वाचून मला दाखवला होता, माझ्या फोनवर असता तर कदाचित दुसऱ्या दिवशी बघितला असता. स्टेटमेंट दोघं मिळून वाचू.

साधामाणूस: वाचताना छोट्या रकमा सोडू नका. चोर आधी किरकोळ रक्कम टाकून कार्ड चालतंय का बघतात. आणि एक राहिलंच, नवीन कार्ड आलं म्हणजे जुन्या नंबरवरून ॲप किंवा साईट दर वेळी परस्पर कापून घेतात ती सगळी वर्गणी आपोआप तुटली असं नसतं. व्हिसा, मास्टरकार्डची नवा नंबर दुकानदाराला कळवायची सोय असते, काही बँका ती वापरतात. तुमच्या बँकेत विचारा.

रानजाई: हे कोणीच सांगितलं नव्हतं! बाबांची दोन-तीन जुनी ॲप आहेत तशी. उद्या बँकेत विचारून इथे लिहिते.