फेब्रुवारीअखेर मनाली-सिस्सू, सोबत सासू-सासरे आणि लहान मुलगी: बर्फात नेमकं कशाला जपायचं?

सांगलीची_सून
नमस्कार. २१ ते २७ फेब्रुवारी असा हिमाचलचा बेत ठरतोय. आम्ही दोघं, सासू-सासरे (सासरे ७१ वर्षांचे, बीपीची गोळी चालू) आणि सात वर्षांची मुलगी. चंदीगडपर्यंत विमानानं, पुढं स्वतः चालवायची भाड्याची गाडी. मनालीत तीन रात्री, अटल बोगद्यातून पलीकडं लाहौलमधल्या सिस्सूला एक रात्र, येताना कसोल. मनालीचं कॉटेज अगदी बियासच्या काठावर आहे. फोटोत अंगणाच्या पायऱ्या थेट नदीतल्या गोट्यांवर उतरलेल्या दिसतात. लेकीनं तो फोटो पाहिल्यापासून दुसऱ्या कुठल्या खोलीचं नावही काढू दिलेलं नाही.

माझी काळजी बर्फाची आहे. आमच्या यांनी आंबा घाट, आंबोली, फोंडा सगळं पावसात चालवलंय, पण बर्फावर गाडी कधीच घातलेली नाही. चाकांना साखळ्या लावून जमेल का? की मधल्या टप्प्याला तिथला ड्रायव्हर घ्यावा?

नदीची भीती वाटत नाही. २०१९ ला आमच्या घरात छातीभर पाणी होतं, सामान माळ्यावर टाकून आम्ही बोटीतून बाहेर पडलो. पूर काय असतो ते अंगावर घेतलंय. आणि फेब्रुवारीत नदीला असं पाणी तरी किती असणार? कुणी नुकतं जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

पायवाट_पुणे
आम्ही २०२४ च्या डिसेंबरात गेलो होतो. २७ तारखेला दुपारी मनालीच्या पुढं सोलंगच्या वर होतो तेव्हा बर्फ सुरू झाला आणि तासाभरात रस्ता पांढरा. पुढची गाडी ब्रेक लावूनही आडवी सरकत खाली येताना पाहिली, ते अजून डोळ्यांसमोर आहे. त्या दिवशी हजारेक गाड्या आणि सुमारे ५००० माणसं तिथं अडकली होती. पोलिसांनी रात्री उशिरापर्यंत एकेकाला खाली आणलं. आमची गाडी तिथंच सोडून आम्ही चालत उतरलो, मुलगा खांद्यावर. तुम्हाला एवढंच सांगेन की तिथला ड्रायव्हर आणि चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी (फोर बाय फोर) गाडी घ्या. साखळ्या बरोबर असणं वेगळं आणि गारठलेल्या बोटांनी, मागं हॉर्न वाजत असताना त्या चढवणं वेगळं.

मिरज_ते_नग्गर
ताई, मी मूळची मिरजेची. लग्न होऊन तेरा वर्षं झाली, सासर कुल्लू-मनालीच्या मधल्या नग्गरजवळ आहे, इथल्याच शाळेत शिकवते. त्यामुळं तुमचं पत्र वाचून दोन्हीकडचा जीव खालीवर झाला. बर्फाबद्दल तुम्ही विचारलंत ते बरंच केलंत, पण मला आधी नदीबद्दल बोलायचंय. कारण तुमच्या अख्ख्या बेतात मला सगळ्यात जास्त भीती त्या कॉटेजच्या पायऱ्यांची वाटली.

आपली कृष्णा सांगून येते. कोयनेतून किती क्युसेक सोडलं ते कळतं, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे ते घरातली लहान पोरंही विचारतात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, पण तिथवर जायला त्यालाही काही दिवस लागले. आपल्याला पूर कळतो म्हणजे हेच कळतं: पाणी चढतंय, आता उचला. इथं ती सवयच घात करते. बियासला चढताना बघायला वेळ मिळत नाही.

फेब्रुवारीत ती खरंच रोडावलेली असते. हिरवट, नितळ, अर्धं पात्र मोकळं, मधोमध बैलगाडीएवढे धोंडे. म्हणूनच माणसं खाली उतरतात. पण या खोऱ्यात वीजप्रकल्प आहेत, पाणी अडवून ठेवतात आणि सोडतात. सोडलं की पावसाचा एक थेंब नसताना काही मिनिटांत पात्र भरतं. ८ जून २०१४ ला खाली मंडीकडं थलौटपाशी हेच झालं. लारजी धरणातून पाणी सोडलं आणि फोटो काढायला धोंड्यांवर गेलेले हैदराबादचे २४ इंजिनिअरिंगचे विद्यार्थी वाहून गेले, त्यांच्या सहलीचा एक माणूसही गेला. तो पावसाळा नव्हता आणि आभाळही फाटलं नव्हतं. तेव्हापासून भोंगे आणि पाट्या वाढल्या, पण नदीच्या आवाजात भोंगा ऐकू येईलच असं नाही, आणि सात वर्षांच्या पोरीला धोंड्यांवरून मागं पळता येत नाही.

आता पावसाचं. हिवाळ्यात इथं पाऊस-बर्फ आणतो तो पश्चिमी झंझावात, भूमध्य समुद्राकडून सरकत येणारा. जानेवारीत थंडी कडक असते, त्यामुळं पडतो तो बहुतेक बर्फच. फेब्रुवारी संपत आला की हवा जरा उबदार होते आणि त्याच झंझावातात खाली पाऊस, वर बर्फ असं होतं. ताज्या बर्फावर पाऊस पडला की दोन्हींचं पाणी एकदम नाल्यांत उतरतं. २८ फेब्रुवारी २०२५ ला कुल्लू शहरात आम्ही ते पाहिलं. नाल्यांनी दगडगोटे आणि चिखल आणला, उभ्या गाड्या वाहून गेल्या, काही राडारोड्यात गाडल्या गेल्या. वीज गेली, शाळा बंद, मनालीच्या पुढचा रस्ता बंद. त्याच दिवशी तिकडं उत्तराखंडात माणा गावापाशी हिमस्खलन झालं. रस्त्याच्या कामावरचे ५४ मजूर बर्फाखाली सापडले, त्यांतले ८ गेले. तुमच्या तारखा बघा, अगदी त्याला लागूनच आहेत. दर वर्षी तसंच होईल असं मी म्हणत नाही, पण हा आठवडा तसा असू शकतो हे धरून खोली निवडा.

आणि आभाळ निरभ्र आहे म्हणून नदी बिनधोक, हेही मनातून काढा. ७ फेब्रुवारी २०२१, चमोली. रविवारची सकाळ, लख्ख ऊन. रोंटी शिखराच्या अंगाचा खडक आणि बर्फ तुटून खाली आला, ऋषिगंगा आणि धौलीगंगेत चिखलाचा लोंढा उठला आणि दोनशेहून जास्त माणसं गेली किंवा बेपत्ता झाली. त्यातली कितीतरी आपल्या रोजच्या कामावर होती.

त्यामुळं माझं म्हणणं असं: ते कॉटेज रद्द करा. पैसे थोडे बुडाले तरी बुडू देत. नदीपासून वर, आणि कुठल्याही नाल्याच्या तोंडाशी नसलेली जागा घ्या. नाला कोरडा असला तरी तो नालाच. दारात उभं राहून वर बघायचं, वरून गोट्यांची पांढरी वाट घरापर्यंत आलेली दिसली तर तिथं राहायचं नाही. २०२३ च्या जुलैत बियासनं उजव्या काठचा महामार्ग जागोजागी तोडून नेला, तेव्हा सगळी ये-जा डाव्या काठानं, नग्गरवरून चालू होती. आमचं गाव नदीपासून बरंच वर आहे म्हणून आम्ही शांत झोपतो. जुनी गावं अशी वर का वसली असतील ते इथं राहायला लागल्यावर समजलं.

बर्फाबद्दल सासूबाईंचं सांगते. त्यांचं माहेर लाहौलचं. मार्च १९७९ मध्ये तिथं लागोपाठ हिमस्खलनं झाली आणि दोनशेहून अधिक माणसं दगावली. त्या तेव्हा लहान होत्या. इथं हिमस्खलन म्हणत नाहीत, 'ग्लेशियर आया' म्हणतात. त्यांचा नियम एकच आहे: बर्फ पडायचा थांबला, ऊन पडलं, सगळे बाहेर धावले, की आपण दोन दिवस घरात. नवा बर्फ जुन्यावर बसलेला नसतो आणि उन्हानं तो सुटतो. पर्यटकाला फोटोसाठी सगळ्यात देखणा वाटणारा दिवस तोच असतो.

अटल बोगदा ९ किलोमीटरचा, आत काही भीती नाही. भीती आहे ती त्याच्या दोन्ही तोंडांपर्यंतच्या रस्त्याला, मनालीच्या बाजूला धुंदी या जागेकडच्या उतारांची आणि पलीकडं चंद्रा नदीच्या खोऱ्यातली. सिस्सूची रात्र मी काढून टाकेन. हवा चांगली असेल तर सकाळी जाऊन दुपारी तीनच्या आत सोलंगच्या खाली परत. दुपारनंतर डोंगराची सावली आली की वितळलेलं पाणी रस्त्यावर गोठतं. डांबर नुसतं ओलं दिसतं आणि असतो तो बर्फ. आंबोलीच्या घाटात तो अनुभव येत नाही, त्यामुळं भावजींच्या हाताला कितीही सवय असली तरी इथं तिचा उपयोग नाही. भाड्याची गाडी कुल्लूला ठेवा आणि पुढं इथलाच ड्रायव्हर घ्या. तो 'आज नको' म्हणाला तर त्याला जास्त पैसे देऊ नका, त्याचं ऐका.

फेब्रुवारीत लाहौलमध्ये फागली या सणाचे दिवस असतात. काही पंचायती त्या काळात बाहेरच्यांना येऊ नका म्हणतात, तेही आधी विचारा.

सांगलीची_सून
ताई, वाचताना अंगावर काटा आला. यांना आणि सासऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. सासरे बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, कॉटेज आधी रद्द कर. केलंय. सिस्सूची रात्रही काढली. दोन गोष्टी अजून विचारते. जायचं की नाही हे सकाळी कसं ठरवायचं? आणि खोलीत शेगडी ठेवतात म्हणे, सासऱ्यांना थंडी सोसत नाही, ती चालेल का?

बीएएमएस_कराड
शेगडीचं मी सांगतो. बंद खोलीत कोळशाची अंगीठी अजिबात नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, डोळ्यांना झोंबत नाही, माणूस झोपेतच जातो. सकाळी डोकं जड वाटलं, मळमळलं आणि तेच घरात दोघा-तिघांना होत असेल तर थंडी बाधली म्हणून झोपून राहू नका, सगळ्यांना आधी मोकळ्या हवेत काढा. गाडीतही हाच धोका. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरीला बर्फात अडकलेल्या गाड्यांत वीसहून जास्त माणसं मेली, काही याच वायूनं. सायलेन्सरच्या तोंडाशी बर्फ साचला आणि हीटरसाठी इंजिन चालू असलं की धूर आत येतो. अडकलात तर आधी ते तोंड मोकळं करा, इंजिन थोडा वेळच चालवा, खिडकी बोटभर उघडी. काकांच्या गोळ्या मोठ्या बॅगेत टाकू नका, चार दिवसांच्या जादा घेऊन अंगावरच्या खिशात ठेवा. आणि थंडीत बीपी वाढतं, तेव्हा निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना एकदा भेटा.

मिरज_ते_नग्गर
डॉक्टरांशी पूर्ण सहमत. आमच्याकडं लाकडाचा तंदूर असतो, लोखंडी, धूर पाइपनं छपराबाहेर जातो. तो चालतो, पण पाइप बाहेर गेलेला आहे का ते स्वतः बघा आणि झोपताना विझवा. खोली ठरवताना तंदूर नाहीतर विजेचं पांघरूण मागा. वीज जाते, म्हणून दोन जाड रजाया आधीच मागून घ्या.

सकाळी ठरवायचं नाही, आदल्या संध्याकाळी ठरवायचं. शिमल्याच्या हवामान केंद्राचा इशारा पिवळा असेल तर ड्रायव्हरला विचारून, नारिंगी किंवा लाल असेल तर मनालीच्या वर पाऊलही नाही. हिमस्खलनाचा इशारा चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संशोधन संस्था देते, तो जिल्ह्यानुसार आणि उंचीनुसार असतो. कुल्लू आणि लाहौल-स्पिती दोन्ही बघा, कारण बोगद्याची दोन तोंडं दोन जिल्ह्यांत आहेत. अडचणीत १०७७ हा जिल्हा आपत्ती कक्षाचा नंबर, नाहीतर ११२. फोन थंडीत पटकन उतरतो, स्वेटरच्या आत ठेवा. आणि परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा. लोक चुकतात ते उद्याचं विमान गाठायचं म्हणून. कसोल काढलंत तर तो दिवस आपोआप मिळेल.

लेकीला बर्फ खेळायचा असेल तर त्यासाठी बोगदा ओलांडायची गरज नाही. चांगला झंझावात येऊन गेला की आमच्या बागेतच सफरचंदाच्या झाडांखाली घोट्याएवढा असतो. सपाट जागा, वर उतार नाही. तिला घेऊन या, सासूबाई सिड्डू (कणकेचे वाफवलेले, सारण भरलेले गोळे) करतील, तुपाबरोबर.

निघायच्या आदल्या रात्री इथं लिहा. समोरच्या डोंगरावर बर्फाची रेघ कुठपर्यंत उतरलीय आणि खाली बियासचा रंग कसा आहे, ते मी सकाळी शाळेत जाताना बघून कळवते.