ॲटम मॅपिंग: नकाशा, मागोवा की संगती?

विचारणा: रसायनशास्त्रातल्या सॉफ्टवेअरवर मराठीत लेख लिहितेय आणि 'ॲटम मॅपिंग'पाशी अडलेय. अभिक्रियाकारकातला कुठला अणू उत्पादितात कुठे जाऊन बसला हे प्रोग्राम ठरवतो आणि दोन्हीकडे त्याला एकच क्रमांक देतो. यंत्राने भाषांतर दिलं 'परमाणु मानचित्रण'. 'अणूंचा नकाशा' चालेल का?

उत्तर १: 'परमाणु' टाळलंत ते बरं केलंत. हिंदीत परमाणु म्हणजे ॲटम आणि अणु म्हणजे मॉलिक्यूल; आपल्याकडे अणू आणि रेणू. हिंदी मजकुरावरून लिहिणारे इथे हमखास घसरतात.

नकाशा मात्र नको. रेणूत अणू कुठे आहेत याचं चित्र म्हणजे रचनासूत्र, ते आधीच असतं. इथे दोन चित्रांमधल्या जोड्या लावायच्या आहेत. शाळेत एकरूप त्रिकोणांच्या शिरोबिंदूंची 'एकास एक संगती' लिहायचो, आठवतंय? हे तेच. म्हणून अणुसंगती.

उत्तर २: एकास एक कुठली हो? पेटंटांमधून गोळा केलेल्या अभिक्रियांच्या नोंदींत बहुधा मुख्य उत्पादितच असतं. पाणी, क्षार वगैरे कुणी लिहीत नाही. त्यांतले अणू उजवीकडे सापडतच नाहीत. मी 'अणुमागोवा' म्हणेन. अणूचा प्रवास दिसतो त्यात.

उत्तर १: 'एकास एक' सोडून नुसती 'संगती' ठेवू, अपुरी असली तरी ती संगतीच. पण मागोव्याला माझी हरकत आहे. ईस्टरीकरण घ्या. आम्ल आणि अल्कोहोल मिळून ईस्टर आणि पाणी. पाण्यातला ऑक्सिजन कुणाचा? रॉबर्ट्स आणि यूरी या रसायनशास्त्रज्ञांनी 1938 मध्ये ऑक्सिजन-18 (ऑक्सिजनचं जड समस्थानिक) जास्त असलेलं मिथेनॉल बेन्झोइक आम्लाबरोबर वापरलं. जड ऑक्सिजन ईस्टरमध्ये राहिला, म्हणजे पाण्यातला आम्लाकडचा. याला म्हणायचं मागोवा.

प्रोग्रामकडे असलं काही नसतं. जुनी पद्धत अशी की दोन्ही बाजूंचा सर्वांत मोठा सामाईक सांगाडा शोधायचा, किंवा कमीत कमी बंध तुटतील-जुळतील अशी मांडणी निवडायची. ईस्टरीकरणात दोन्ही पर्यायांना दोन बंध तुटतात, दोन जुळतात. बरोबरी! नुसत्या मोजणीने निकाल लागतच नाही, रसायनशास्त्राचा नियम वेगळा सांगावा लागतो.

विचारणा: आणि आयबीएमचं आरएक्सएनमॅपर, ॲटम मॅपिंग करणारं सॉफ्टवेअर? लेख मुख्यतः त्यावरच आहे.

उत्तर २: ते 2021 चं. त्याला जोड्या शिकवलेल्याच नाहीत. अभिक्रिया अक्षरांच्या ओळीत लिहायच्या, मधली काही चिन्हं झाकायची आणि ओळखायला लावायचं. तसं करताना मॉडेल उत्पादितातल्या अणूवरून अभिक्रियाकारकातल्या कुठल्या अणूकडे 'बघतं', त्यावरून संगती काढली. हे 'अटेन्शन' मी 'लक्ष' असंच लिहीन, 'अवधान' फार सोवळं वाटतं. आणि मागोवा मागे घेतो. हा शेवटी अंदाजच, कितीही चांगला असला तरी.

विचारणा: मग प्रोग्रामच्या कामाला अणुसंगती, ऑक्सिजन-18 च्या प्रयोगाला मागोवा. क्रमांकांना 'मॅप नंबर'च ठेवते, प्रयोगशाळेत दुसरं कुणी काही म्हणत नाही. 'अणूसंगती' की 'अणुसंगती'?

उत्तर १: सुटा अणू दीर्घ, समासात ह्रस्व. अणुसंगती.