भिंतीलगतच्या कोरड्या सावलीत कोणते नेचे टिकतील?

सावलीतला_वाफा:

घराच्या मागच्या भिंतीलगत ३ मीटर लांब, १.२ मीटर रुंद असा वाफा आहे. थेट ऊन नाहीच. सकाळी अर्धा-पाऊण तास कवडसे पडतात, तेवढंच. एका टोकाला जुनं मोठं झाड आहे आणि त्याची मुळं वाफ्याच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शात वरवर पसरली आहेत. वर छज्जा असल्याने पावसाचं पाणी भिंतीपाशी पोचत नाही. माती खणली की चुन्याचे आणि सिमेंटचे तुकडे निघतात.

इथे फुलझाडं फुलत नाहीत, म्हणून सगळा वाफा नेच्यांचाच करायचा आहे. कोणत्या जाती घ्याव्यात, किती रोपं लागतील आणि मुळांच्या भागात काय करायचं? एकदा जम बसल्यावर रोज पाणी घालावं लागू नये एवढीच अपेक्षा आहे.

---

पानगळ:

नेचा म्हटला की सावली आणि ओल जोडीनेच डोळ्यांपुढे येतात. तुमच्याकडे सावली भरपूर आहे, ओल मात्र नाही. छज्जा पाऊस अडवतो, भिंत माती तापवते आणि राहिलेलं पाणी झाड पितं. त्यामुळे दुकानात सगळ्यात टवटवीत दिसणारा नेचा इथे बहुधा सगळ्यात आधी जाईल. सावलीत नेचे मरतात ते उजेड कमी पडला म्हणून क्वचितच, मुळं सुकल्याने जास्त.

तुमच्याकडे थंडीत पाणी गोठतं का, हे लिहिलेलं नाही. म्हणून दोन्ही लिहितो.

गोठतं असेल तर मागच्या रांगेला ड्रायोप्टेरिस फिलिक्स-मास. हा नेच्यांतला दणकट गडी: ६० सेंटिमीटर ते १ मीटर वाढतो, जम बसल्यावर कोरडी सावली सोसतो, पानं थंडीत झडतात किंवा लोळतात आणि वसंतात पुन्हा येतात. वर्षभर हिरवं हवं असेल तर मध्ये मध्ये पॉलिस्टिकम सेटिफेरम घाला; तोही कोरड्याला बऱ्यापैकी तयार असतो. पुढच्या रांगेला अस्प्लेनियम स्कोलोपेन्ड्रियम. याची पानं कापलेली नसतात, जिभेसारखी अखंड, चकचकीत असतात आणि याला चुना आवडतो. जुन्या भिंतींच्या चुन्याच्या सांध्यांतही तो उगवतो, म्हणजे तुमचे सिमेंटचे तुकडे त्याच्या पथ्यावरच पडतील. दाटी झालेल्या हिरव्यामध्ये त्याचं साधं पान उठून दिसतं, हा आणखी एक फायदा.

गोठत नसेल तर मागे सिर्टोमियम फाल्केटम. जाड, गडद, चामड्यासारखी पानं. हलकं दहिवर, म्हणजे गोठलेलं दवही सोसतो. पुढे टेरिस क्रेटिका: ३० ते ४५ सेंटिमीटर, चुनखडीच्या मातीत खूश. नेफ्रोलेपिस कॉर्डिफोलिया सगळ्यांत चिवट, कारण त्याच्या जमिनीतल्या धाग्यांवर पाणी साठवणाऱ्या छोट्या गाठी असतात. पण त्याला मोकळं सोडाल तर वर्षा-दोन वर्षांत वाफा त्याचाच होतो.

काय घेऊ नये तेही सांगतो. ओस्मुंडा रेगॅलिस दिसायला राजेशाही आहे, पण त्याला आम्ल आणि सतत ओली माती लागते. तुमच्याकडे दोन्ही उलट. मॅट्युशिया कोरडं पडलं की ऐन उन्हाळ्यात कडेने करपतो. हंसराज चुन्यावर चालतो, पण एकदाही सुकता कामा नये. त्याची जागा ठिबकणाऱ्या नळापाशी. आणि कोणी रानातून टेरिडियम, म्हणजे ब्रॅकन, आणून दिला तर नको म्हणा. जमिनीखाली लांबवर पळतो, काढता येत नाही आणि विषारीही आहे.

दुकानात नाव माहीत नसेल तेव्हा पान चिमटीत धरून बघा. जाड, चकचकीत पान कोरडी हवा सहसा सोसतं. कागदासारखं पातळ पान सोसत नाही. अपवाद आहेत, पण नावाच्या चुकीच्या पाटीपेक्षा ही खूण बरी.

---

खुरपं_आणि_झारी:

निवड पटली. लावण्याचं मी लिहिते, कारण चांगला नेचाही चुकीचा लावला की कुजतो.

पहिली गोष्ट, भिंतीला चिकटून लावू नका. छज्ज्याखालची पहिली ४५ सेंटिमीटर पट्टी जवळजवळ कोरडीच राहणार. मागची रांग भिंतीपासून ४५ सेंटिमीटरवर, दोन रोपांत ६० सेंटिमीटर. कडेपासून ३० सोडून सुरुवात केलीत तर ३ मीटरमध्ये ५ रोपं बसतात. पुढची रांग भिंतीपासून ९० सेंटिमीटरवर, ४० च्या अंतराने, तिथे ७ रोपं. एकूण १२. वर्षभर वाफा विरळ वाटेल. वाटू द्या, दाटी केलीत तर हवा खेळत नाही. भिंतीलगतची रिकामी पट्टी पानांनी आपोआप झाकली जाते.

माती: वरची २० सेंटिमीटर माती सैल करा, सिमेंटचे मोठे तुकडे वेचून काढा, बारीक राहिले तरी चालतील. त्यावर ५ सेंटिमीटर कुजलेल्या पालापाचोळ्याचं खत पसरून मिसळा. तुमच्या वाफ्याला हे साधारण १८० लिटर होतं, मुळांचा भाग सोडला तर १२०. पाचोळा पूर्ण कुजलेला, काळा, हातात भुसभुशीत लागणारा हवा. अर्धवट कुजलेला मातीतच कुजत राहतो आणि तेवढा काळ रोपाच्या वाट्याचं नत्र खातो. ताजं शेणखत अजिबात नको.

आता महत्त्वाचं. लावण्याआधी रोपाचा गाभा शोधा, म्हणजे शंखासारखी वळलेली कोवळी पानं जिथून वर येतात तो भाग. नेच्यांत दोन तऱ्हा आहेत. ड्रायोप्टेरिस, पॉलिस्टिकम, सिर्टोमियम यांचा गाभा एका जागी असतो आणि पानं त्याभोवती टोपलीसारखी उभी राहतात. हा गाभा मातीच्या पातळीवर किंवा बोटभर वर राहिला पाहिजे. तो पुरला गेला की पाणी साचून आतून काळा पडतो, आणि बाहेरून महिनाभर काही कळतही नाही. जुनी पानं तशीच असतात, फक्त नवीन येत नाहीत. दुसरी तऱ्हा सरपटणाऱ्या आडव्या खोडाची, उदाहरणार्थ पॉलिपोडियम किंवा फ्लेबोडियम. हे खोड मातीवर ठेवायचं, वाकवलेल्या तारेने जागच्या जागी धरायचं आणि मुळांवर तेवढी माती लोटायची. खोड गाडलंत तर संपलं.

झाडाच्या मुळांचा भाग खणू नका. अंगठ्यापेक्षा जाड मूळ तोडायचं नाही आणि मुळांवर ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त मातीही चढवायची नाही, झाडाचा श्वास कोंडतो. मुळांमधल्या बेचक्यांत हाताने १० ते १५ सेंटिमीटरचे खळगे करा आणि त्यात अगदी लहान रोपं लावा. मोठ्या कुंडीतलं रोप तिथे मावत नाही, कोंबलंत तर तगतही नाही. थंड हवेत पॉलिपोडियम वल्गेर आणि उबदार हवेत फ्लेबोडियम ऑरियम या जागेसाठीच आहेत. दोघेही एरवी झाडांच्या सालीवर वाढतात, त्यामुळे मूठभर पाचोळ्यावर त्यांचं भागतं.

शेवटी वरून ५ सेंटिमीटर पाचोळ्याचं आच्छादन, पण गाभ्याभोवती चार बोटं जागा मोकळी.

---

पानगळ:

नेफ्रोलेपिस लावणार असाल तर एक भर. त्याचे धागे नुसते मातीखालून नाही, मातीवरूनही पळतात. म्हणून त्याला आवरायला भोवती घातलेला अडसर नुसता खोल असून उपयोग नाही. फरशी १५ सेंटिमीटर आत आणि ५ सेंटिमीटर मातीच्या वर ठेवा. तरी महिन्यातून एकदा बाहेर डोकावणारे धागे कापावे लागतातच. पानं कापून तो आवरत नाही.

---

सावलीतला_वाफा:

दोघांचे आभार. पाणी गोठत नाही, त्यामुळे सिर्टोमियम, टेरिस क्रेटिका आणि मुळांपाशी फ्लेबोडियम असं ठरवतो.

अजून दोन शंका. पाणी नेमकं किती? आणि कुंडीत एक जुना नेचा आहे, त्याच्या पानांच्या मागे तपकिरी ठिपके आलेत आणि टोकं करपली आहेत. ही कीड नव्या वाफ्यात जाईल का?

---

खुरपं_आणि_झारी:

पाणी: पहिले तीन महिने माती दोन बोटं खोल सुकली की घालायचं. त्यानंतर कोरड्या दिवसांत आठवड्यातून दोनदा, दर चौरस मीटरला २० लिटर, म्हणजे पूर्ण वाफ्याला दर वेळी ७० लिटरच्या आसपास. आकडा मोठा वाटेल, पण तेवढं घातलं तरच ओल हातभर नाही तर निदान वीतभर खाली जाते. रोज थोडं थोडं शिंपडलंत तर वरची दोन सेंटिमीटर भिजतात, मुळं वरच राहतात आणि एखाद्या दिवशी चुकलं की रोप लोळतं. झाडाच्या बाजूला थोडं जास्तच द्या. पानांवर फवारत बसू नका. उघड्या हवेत त्याने वाढलेला दमटपणा काही मिनिटांत उडून जातो आणि ओली पानं रोगाला बोलावतात.

---

भिंग_घेऊन:

ठिपक्यांचं आधी. हा प्रश्न नेच्यांच्या प्रत्येक नव्या मालकाला पडतो आणि घाबरून पुष्कळ जण निरोगी पानं कापून टाकतात. नेच्याला फुलं-बिया नसतात. पानामागचे ते ठिपके म्हणजे बीजाणूंच्या पिशव्यांचे पुंजके. ओळखायचे कसे? पुंजके शिरांच्या आधाराने ठरावीक ओळीत, बहुतेक फक्त पानाच्या मागच्या बाजूला आणि प्रत्येक पर्णिकेवर, म्हणजे पानाच्या प्रत्येक छोट्या भागावर, सारख्याच जागी असतात. टेरिस आणि हंसराज यांत ते पानाच्या अगदी कडेला असतात, त्यामुळे कड दुमडल्यासारखी दिसते. खवले कीड असेल तर ठिपके अस्ताव्यस्त, देठावरही, नखाने अख्खे उचलले जाणारे, आणि खालच्या पानांवर चिकट थर असतो.

कीड निघालीच तर नेच्यावर तेलकट फवारा सरसकट मारू नका. पुष्कळ जातींची पानं तेलाने आणि साबणानेही भाजतात. आधी एका पानावर मारून आठवडाभर थांबा. कीड थोडी असेल तर कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून एकेक पुसणं हाच खात्रीचा उपाय. खूप असेल तर ती पानं बुडापासून कापा. गाभा चांगला असला तर नवीन येतात.

करपलेल्या टोकांची कारणं तीन आणि ती दिसण्यावरून ओळखता येतात. फक्त टोक तपकिरी, कुंडीच्या काठावर पांढरा थर: क्षार साचलेत. कुंडी सिंकमध्ये ठेवून तिच्या आकारमानाच्या तिप्पट पाणी हळूहळू आरपार वाहू द्या आणि दोन महिने खत बंद. संपूर्ण पर्णिका कुरकुरीत, कोवळीसुद्धा: मुळं सुकली. शिरांच्या मध्येच अडकलेले काळपट, कोनदार पट्टे: हे पानांतले सूत्रकृमी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत, असू शकतात. शेवटचं असेल तर मात्र ती कुंडी वाफ्यापासून लांब ठेवा आणि पानं कंपोस्टात न टाकता बाहेर काढा, कारण हे कृमी ओल्या पानांवरून शिंतोड्यांबरोबर पसरतात.

खताचा हातही आखडताच ठेवा. जमिनीतल्या नेच्याला वर्षातून एकदा पाचोळ्याचं खत पुरतं. कुंडीतल्याला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) सारखं पाण्यात विरघळणारं खत लिटरला अर्धा ग्रॅम, तेही वाढीच्या दिवसांतच, तीन-चार आठवड्यांनी एकदा आणि भिजलेल्या मातीवर. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वापरत असाल तर ते आधी दोन-तीन पाण्यांत धुऊन घ्या. न धुतलेल्यात मीठ बरंच असतं आणि टोकं करपण्याचं ते लपलेलं कारण असतं.

जाता जाता: टेरिसमधला टेरिस व्हिटाटा जमिनीतलं आर्सेनिक ओढून पानांत साठवतो, हे २००१ साली प्रसिद्ध झालं. तुम्ही घेताय तो क्रेटिका, तोही त्या गुणाचा. साध्या बागेत काळजीचं काही नाही, पण जागेवर पूर्वी रसायनं किंवा औषध लावलेलं लाकूड पडलेलं असेल तर त्याची कापलेली पानं भाजीच्या खतात नकोत.

---

नवा_अंकुर:

त्या जुन्या नेच्याच्या ठिपक्यांपासून रोपं करता येतील का? १२ विकत घेण्यापेक्षा बरं.

---

भिंग_घेऊन:

येतात, पण या वाफ्यासाठी नाही. लावण्याजोगं रोप व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. हौस असेल तर असं करा. ठिपके तपकिरी झाले, पण फुटले नाहीत, असं पान कोऱ्या पांढऱ्या कागदाच्या घडीत दोन दिवस ठेवा. धुळीसारखी पूड पडेल. झाकणाच्या पारदर्शक डब्यात ३ सेंटिमीटर बारीक चाळलेलं कोकोपीट घ्या, उकळतं पाणी ओता, झाकून थंड होऊ द्या. पूड अगदी चिमटीच्या टोकावर मावेल एवढीच भुरभुरा, झाका, २० अंशांच्या आसपास आणि उन्हापासून लांब ठेवा. तीन ते सहा आठवड्यांत हिरवा थर येतो, पुढे नखाएवढ्या हृदयाच्या आकाराच्या चकत्या होतात. इथे बहुतेक जण शेवाळ समजून फेकून देतात! खरं तर फलन याच चकत्यांवर, पाण्याच्या पातळ थरातून होतं. म्हणून या टप्प्यावर उकळून थंड केलेलं पाणी आठवड्यातून एकदा हलकं फवारायचं. पहिली खरी पानं दिसली की चिमटीने पुंजका पुंजका उचलून वेगळं करा.

लवकर हवं असेल तर विभागणी. नेफ्रोलेपिसचे धाग्यावरचे फुटवे मुळांसकट कापा; फ्लेबोडियमचं आडवं खोड प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन पानं आणि एक वाढतं टोक राहील असं तोडा. सिर्टोमियम मात्र एकाच गाभ्याचा असेल तर त्याला सुरी लावू नका.