मदत हवी आहे : सेकंडहँड भागांची कार्बन रोड बाइक, फ्रेमवरची रेघ रंगाची की कार्बनची?

नमस्कार मंडळी,

गेले आठ महिने एकेक भाग गोळा करत रोड बाइक जुळवतोय. सगळं वापरलेलं. पेडलसकट साडेसात किलोच्या आत बसवायची, एवढीच हौस. शर्यतीत उतरायचं नाही, त्यामुळे यूसीआयच्या (आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाच्या) किमान ६.८ किलोच्या नियमाशी माझा संबंध नाही (तेवढी हलकी होणारही नाही म्हणा).

चूक पहिल्याच पावलाला केली. आधी फ्रेम घ्यावी आणि तिच्या मापाने बाकीचं शोधावं, तर मी नेमकं उलट केलं. गियरचा संच बरा दिसला, घेतला. चाकं दिसली, घेतली. फ्रेम सगळ्यात शेवटी आली आणि आता एकाचं दुसऱ्याशी पटत नाही.

वजनाचं मात्र जमलंय. फ्रेम १०४० ग्रॅम, फोर्क ३८०, शिमानो अल्टेग्रा ६८०० चा ११ स्पीड संच ब्रेक, केबल, चेन आणि कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या) धरून २३५०, चाकं १५६०. टायर, ट्यूब, हँडल, सीट, पेडल वगैरे मिळवून ७२८० भरतात.

आता मुख्य काळजी. उजव्या चेनस्टेवर (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीवर), बॉटम ब्रॅकेटपासून (पेडलचे हात फिरतात त्या सांध्यापासून) चारेक बोटं मागे, एक बारीक रेघ आहे. नळीला आडवी, जेमतेम नखाएवढी. विकणारा म्हणाला, "रंग उडालाय." ओल्या फडक्याने पुसली, मोबाइलचा टॉर्च तिरका धरून पाहिली, वरून कापूस फिरवला. कापूस कुठे अडकला नाही. मग नाण्याने टिचक्या मारत गेलो. मागच्या चाकाकडून येताना टक् टक् असा कोरडा आवाज येतो आणि रेघेच्या जवळ तो बद्द होतो. तिथून पोटात गोळा आहे.

बाकीच्या दोन अडचणी त्यामानाने किरकोळ. बॉटम ब्रॅकेट पीएफ ३० आहे, म्हणजे ४६ मिमीचं भोक, आणि माझ्या क्रँकचा (पेडलच्या हातांचा) त्यातून जाणारा दांडा २४ मिमी. अ‍ॅडॉप्टर मिळतात, पण करकर ऐकत सायकल चालवायची नाही. शिवाय चाकाचा फ्रीहब (कॅसेट चढते तो भाग) १० स्पीडचा निघाला. ११ स्पीडची कॅसेट चढते, पण लॉकरिंग (ती आवळून ठेवणारी कडी) धरतच नाही.

सीटपोस्ट काढतानाचा प्रकार वेगळाच. अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट कार्बनच्या नळीत वर्षानुवर्षं कोरडाच बसलेला. दोन दिवस तेल मुरवल्यावर कुर्रर्र करत फिरला आणि बाहेर आला तो पांढऱ्या भुकटीने माखून. नळी आतून ठीक दिसतेय. कार्बन पेस्ट (पकड देणारा लेप) लावूनच परत बसवेन.

तर, रेघ बघून फ्रेम बाद करू का?

प्रतिसाद :

लगेच बाद करू नका, पण चालवूही नका. बॉटम ब्रॅकेटजवळ कार्बनचे थर मुळातच जास्त असतात, आवाज तिथे बदलणारच. एकट्या उजव्या बाजूवर टिचक्या मारून काही कळत नाही. डाव्या चेनस्टेवर त्याच अंतरावर वाजवून बघा. दोन्हीकडे सारखाच बद्द असेल तर थरांचा फरक. उजवीकडेच असेल आणि तोही रेघेपुरताच, तर आतले थर सुटलेत असं धरून चाला.

दुसरं, उजवीकडे त्या जागी चेन अडकून ओरखडे पडलेल्या जुन्या फ्रेम पुष्कळ दिसतात. ते ओरखडे सहसा दोन-तीन असतात, शेजारीशेजारी. तुमची एकटी आडवी रेघ मला तितकी आवडली नाही. अंगठ्याने दाबून बघा, दबते का.

प्रतिसाद :

फ्रीहबचं बोलतो. ११ स्पीडचा रोड फ्रीहब १० वाल्यापेक्षा १.८५ मिमी लांब असतो, तेवढ्यासाठी तुमचं लॉकरिंग धरत नाही. चाकं बदलू नका. शिमानोची एचजी ८००, ११-३४ दातांची ११ स्पीड कॅसेट जुन्या १० स्पीड फ्रीहबवर बसते, कारण तिच्या मोठ्या चकत्या आतल्या बाजूला झुकवलेल्या आहेत. ऐंशीएक ग्रॅम वाढतील. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) लांब पिंजऱ्याचा (चेन ताणून धरणाऱ्या लांब हाताचा) आहे ना? ६८०० ची अधिकृत मर्यादा ३२ दातांची. बी-स्क्रू (डिरेलरला चकत्यांपासून दूर ठेवणारा) आवळून बहुतेकदा ३४ चालतात, पण ते हँगरवर (डिरेलर लटकतो त्या फ्रेमच्या कानावर) ठरतं. आखूड पिंजरा असेल तर विसरा.

पीएफ ३० साठी दोन्ही कप एकमेकांत आट्यांनी आवळले जातात तसला अ‍ॅडॉप्टर घ्या. नुसते ठोकून बसवायचे कप घेतलेत तर करकर आलीच म्हणून समजा.

आणि क्रँक लावण्याआधी उलटा करून बघा. जुलै २०१९ च्या आधी बनलेल्या ११ स्पीड अल्टेग्रा आणि ड्युरा-एसच्या, दोन भाग चिकटवून केलेल्या क्रँकसाठी शिमानोने २०२३ मध्ये तपासणी जाहीर केली होती, ६८०० त्यात आहे. क्रँकच्या हाताच्या मागे दोन अक्षरांचा कोड असतो. दोन भागांच्या जोडावर नख फिरवा, फट लागली तर तो क्रँक लावू नका.

धागाकर्ता :

दोघांचे आभार. रात्रीच डावी बाजू वाजवली. बॉटम ब्रॅकेटकडे आवाज तिथेही बद्द होतो, म्हणजे निम्मी भीती उगाच होती. पण उजवीकडे रेघेच्या दोन्ही अंगांना नाण्याएवढ्या जागेत तो आणखी बसका आहे. घरच्यांना डोळे मिटून ऐकायला लावलं, त्यांनीही नेमकी तीच जागा सांगितली. अंगठ्याने दबत नाही.

फ्रेम कार्बन दुरुस्तीवाल्याकडे अल्ट्रासाउंडला देतोय. सरळ नळी आहे, त्यामुळे थर सुटलेले निघाले तरी पट्टी चढवता येईल असं तो म्हणतो. वीस-तीस ग्रॅम वाढतील, वाढू देत.

डिरेलर लांब पिंजऱ्याचाच आहे. क्रँकचा कोड उद्या उजेडात बघतो. कॅसेटचे ऐंशी ग्रॅम भरून काढायला टीपीयूच्या (हलक्या प्लॅस्टिकच्या) ट्यूब टाकाव्या म्हणतो, रिम अ‍ॅल्युमिनियमच्या आहेत. रिम ब्रेकवर (ब्रेक रिमलाच घासून ती तापते) लांब उतारात कुणी वापरल्यात का? पाकिटांवर वेगवेगळं लिहिलेलं दिसतंय.