ट्रकचालकाचा व्यवसाय आज पत्करावा का, आणि चालकांचा दर्जा का घसरला?

प्रश्न – खंडाळा, जि. सातारा

नमस्कार. माझे वय २३ आहे. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन दोन वर्षे झाली आणि सध्या मी शिरवळजवळच्या एका गोदामात कंत्राटी पद्धतीने माल उतरवून घेण्याच्या नोंदी ठेवतो. माझ्या वडिलांनी २६ वर्षे ट्रक चालवला आणि गुडघे साथ देईनात म्हणून तीन वर्षांपूर्वी ते घरी बसले. मलाही हाच व्यवसाय करायचा आहे, पण सर्वांत मोठा विरोध त्यांचाच आहे. त्यांचे म्हणणे असे की, काम वाईट नाही, मात्र हे काम शिकवणारे आता राहिले नाहीत आणि न शिकता स्टिअरिंगवर बसलेल्यांच्या गर्दीत मी रोज उतरावे हे त्यांना मान्य नाही.

त्यांचे बोलणे मी कदाचित मनावर घेतले नसते, पण गेल्या महिन्यात आमच्याच आवारात एका चालकाला बाराटायरी गाडी धक्क्याला लावता येईना. तीनदा पुढे-मागे करून चौथ्या वेळी त्याने पत्र्याच्या शेडचा खांब वाकवला. तो खाली उतरला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. परवाना मिळून चार महिने झाले असून त्याआधी आपण भरलेली गाडी एकदाही चालवली नव्हती, असे त्याने मला पाणी पिता पिता सांगितले. वयाने तो माझ्याएवढाच होता. मीही तसाच चालक होईन का, ही माझी खरी चिंता आहे. हे काम आज नीट शिकायचे असेल तर कोणाकडे आणि कसे शिकावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ – निवृत्त चालक, कराड

तुमच्या वडिलांचे निदान बरोबर आहे, म्हणून मी थोडे सविस्तर लिहितो. मी ३१ वर्षे गाडी चालवली, पण त्याआधीची तीन वर्षे मी किन्नर होतो. हल्लीच्या मुलांना हा शब्दही नवीन वाटेल. क्लीनरला आमच्याकडे किन्नर म्हणत, आणि किन्नर असणे हीच आमची शाळा होती. पहाटे गाडी हलण्याआधी हातोडी घेऊन प्रत्येक टायर ठोकायचा. हवा भरलेला टायर टणटणीत बोलतो आणि बसलेला टायर भद्द आवाज देतो. मागच्या दुहेरी टायरांपैकी आतला बसला असेल तर तो डोळ्यांना कळत नाही, कानालाच कळतो. त्यानंतर तेल, पाणी आणि पाट्यांचे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) बोल्ट पाहायचे, ताडपत्रीच्या दोऱ्या ओढून बघायच्या. हे सारे वर्षभर केल्यानंतर उस्तादाने मला पहिल्यांदा स्टिअरिंग दिले, तेही रिकाम्या गाडीचे, पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर. मग अर्धा माल भरलेली गाडी, मग पूर्ण भरलेली, आणि घाट सर्वांत शेवटी. घाटात पहिल्यांदा गाडी हातात मिळाली तेव्हा उस्ताद डाव्या बाजूला बसून होते आणि पूर्ण उतार संपेपर्यंत त्यांनी एक शब्दही काढला नाही. मी चुकलो असतो तरच ते बोलणार होते, हे मला ठाऊक होते.

ही पद्धत कोणी ठरवून बंद केली नाही. बिनट्यूबचे टायर आले, टोलवर पैसे देण्यासाठी उतरण्याची गरज फास्टॅगमुळे संपली, रस्ता मोबाइल दाखवू लागला, तेव्हा किन्नराचा पगार आणि जेवणखर्च मालकाला जड वाटू लागला. एक माणूस कमी झाला असा हिशेब सर्वांनी केला, पण कमी झालेला तो माणूस उद्याचा चालक होता, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. आज परवान्याची चाचणी बहुतेक ठिकाणी रिकाम्या गाडीवर, सपाट जागेवर होते. रिकामा ट्रक आणि २८ टन वजनाचा भरलेला ट्रक ही दोन वेगळी वाहने आहेत. त्यांचे ब्रेक वेगळे लागतात, वळणावर त्यांचा कल वेगळा असतो आणि थांबण्यासाठी त्यांना लागणारे अंतर तर फारच वेगळे असते.

आता घाटाविषयी, कारण खंबाटकी तुमच्या दारातच आहे. आम्हाला शिकवलेला नियम असा होता की, ज्या गियरमध्ये घाट चढतो, त्याच गियरमध्ये तो उतरायचा. गाडीचा वेग इंजिनाने रोखून धरायचा आणि ब्रेक जपून ठेवायचा. आज कित्येक चालक डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करतात, काही जण तर इंजिनच बंद करतात. ट्रकचा ब्रेक हवेवर चालतो आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर फिरतो. इंजिन बंद झाले की पॅडल दाबण्याच्या प्रत्येक वेळी टाकीतली हवा कमी होत जाते, पॉवर स्टिअरिंग दगडासारखे जड होते आणि गियरचा आधार तर आधीच सोडलेला असतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवले तरी सगळा भार लायनरवर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या ब्रेकच्या अस्तरावर येतो. लायनर तापून जळका, आंबट वास येऊ लागला की ब्रेक जवळजवळ गेलाच असे समजायचे. अशा वेळी जागा पाहून थांबावे, चाकांना उटी (गाडी घसरू नये म्हणून लावायचा अडसर) लावावी आणि ड्रम आपोआप निवू द्यावेत. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये, तो तडकतो.

कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाला तो उगाच नाही. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका ट्रकने ४८ वाहनांना धडक दिली. चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे प्राथमिक तपासात दिसल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. ती बातमी वाचून मी रात्रभर झोपलो नाही, कारण त्या उतारावरून मी शेकडो वेळा माल घेऊन उतरलो आहे. तिथे गाडी गियरमध्ये ठेवणे ही काही मोठी विद्या नाही. फक्त ती कोणीतरी एकदा शेजारी बसून शिकवावी लागते.

उत्तर २ – वाहतूक व्यावसायिक (चार गाड्या), निगडी

काकांनी लिहिलेले सर्व खरे आहे, पण चालक गाडी न्यूट्रल का करतो, याचे उत्तर मालकांनी द्यायला हवे, म्हणून लिहितो. दर फेरीला डिझेल ठरवून द्यायचे आणि त्यातून वाचेल ते चालकाचे, अशी रीत माझ्याकडेही अनेक वर्षे होती. म्हणजे उतारावर गाडी सोडून देण्याचे बक्षीस मीच देत होतो. २०२० पासून आलेल्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या) गाड्यांत तर या हिशेबाला काही अर्थच उरलेला नाही. गाडी गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाला जाणारे डिझेल आपोआप बंद होते. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहण्यासाठी डिझेल पीत राहते. मी हे चारही चालकांना एका दुपारी मीटरवर दाखवले आणि डिझेलचा ठरलेला वाटा बंद करून तेवढी रक्कम पगारात घातली. हे मी दहा वर्षे आधी करायला हवे होते.

दुसरी गोष्ट वेळेची. माल उतरवणारी कंपनी गाडीला फाटकाबाहेर दीड-दीड दिवस उभे करते, त्याचे कोणी भाडे देत नाही, आणि गाडी मोकळी झाली की पुढच्या ठिकाणी पहाटे पोहोचण्याची घाई सुरू होते. हरवलेले तास चालक रस्त्यावर भरून काढतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती अशी मर्यादा घातली होती. पण तो कायदा होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी, आणि रस्त्यावरच्या कित्येक गाड्या तर माझ्यापेक्षाही लहान, एक-दोन गाड्यांच्या मालकांच्या आहेत.

प्रश्नकर्त्याला इतकेच सांगतो की, माणसांची टंचाई असल्यामुळे तुम्हाला उद्याच कोणीतरी गाडीची किल्ली देईल. ती लगेच घेऊ नका. दोन चालकांवर चालणारी लांब पल्ल्याची गाडी शोधा आणि पहिले वर्ष दुसरा चालक म्हणून काढा. पैसे कमी मिळतील, पण किन्नरकीच्या जवळ जाणारे शिक्षण आज तिथेच मिळते.

उत्तर ३ – ट्रकचालकाची पत्नी, पाटोदा, जि. बीड

चालकांचा दर्जा घसरला असे सगळे लिहितात, पण त्या माणसाची आदली रात्र कशी गेली हे कोणी विचारत नाही. माझे पती १७ वर्षे गाडी चालवतात. मागच्या पावसाळ्यात एका कारखान्याच्या फाटकाबाहेर त्यांची गाडी दोन दिवस उभी होती. आतले शौचालय चालकांना वापरू देत नव्हते आणि गाडी सोडून दूर जावे तर डिझेल चोरीला जाण्याची भीती होती. तिसऱ्या रात्री गाडी मोकळी झाली आणि सकाळी सहाला अमुक ठिकाणी पोहोचा असा निरोप आला. त्या रात्री मी त्यांच्याशी दर तासाला फोनवर बोलत होते. गाडी चालवताना फोनवर बोलणे चुकीचे आहे हे मला समजते, पण त्यांना झोप लागेल या भीतीपुढे माझा इलाज चालला नाही.

जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी संप केला तेव्हा लोक म्हणाले की, यांना धडक देऊन पळून जाण्याची मोकळीक हवी आहे. नव्या भारतीय न्याय संहितेतील कलम १०६ च्या दुसऱ्या उपकलमात, निष्काळजीपणे गाडी चालवून कोणाचा मृत्यू घडवल्यावर पोलिसांना न कळवता पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा होती आणि चर्चेविना ते लागू करणार नाही असे आश्वासन सरकारला द्यावे लागले. मी जखमीला सोडून जाण्याचे समर्थन करत नाही. पण चूक कोणाचीही असो, जमाव मोठ्या गाडीच्या चालकालाच आधी मारतो, हे आमच्या घराने सोसले आहे. दादा, तुम्ही या व्यवसायात जरूर या, मात्र 'आज झोप झालेली नाही, गाडी हलणार नाही' असे मालकाला सांगण्याची हिंमत पहिल्या दिवसापासून ठेवा. नंतर ती येत नाही.

उत्तर ४ – वाहनचालन प्रशिक्षक, भोसरी

नियमांपुरते सांगतो. वाहतूक वाहनाच्या परवान्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण हवीत आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना हवा. वयाची अट तुम्ही पूर्ण करता, हलक्या वाहनाच्या परवान्याचे मात्र तुम्ही लिहिलेले नाही. आठवी उत्तीर्ण असण्याची अट २०१९ मध्ये काढली गेली. २०२१ च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त केंद्रांतील अवजड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा आहे. सराव झाल्याशिवाय प्रमाणपत्र देणाऱ्या शाळाही आहेत, तेव्हा प्रवेश घेण्यापूर्वी भरलेल्या गाडीवर किती तास बसवणार हे आधी विचारा. उत्तर टाळले तर दुसरीकडे जा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री ही सगळी उत्तरे मी वडिलांना वाचून दाखवली. काकांचा घाटाचा नियम ऐकताना ते मध्येच म्हणाले, "लायनरचा वास एकदा नाकात बसला की जन्मभर जात नाही." ताईंचा अनुभव मी त्यांना वाचून दाखवत असताना आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली होती. ती काही बोलली नाही, पण दर तासाला फोन करण्याची गोष्ट तिला नवीन नव्हती, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळले.

माझे असे ठरते आहे की, आधी प्रशिक्षण पूर्ण करावे आणि मग दुसरा चालक म्हणून एखाद्या अनुभवी माणसाबरोबर वर्षभर फिरावे. वडिलांनी होकार दिलेला नाही, परंतु ज्याच्या हाताखाली जाशील त्याला आधी मला भेटव, असे ते म्हणाले आहेत. कराडच्या काकांना एकच विचारायचे आहे. चांगला उस्ताद पहिल्या भेटीत कसा ओळखावा?

निवृत्त चालक, कराड

वडिलांना घेऊन पहाटे जा, गाडी निघण्याच्या अर्धा तास आधी. तो किल्ली लावण्यापूर्वी हातोडी घेऊन गाडीभोवती फिरतो का, एवढेच बघा. बाकीचे तुमचे वडील ओळखतील.