नुसत्या चित्रावर मशीन चालवायचं का?

शिरोलीकर: आमच्या शेडमध्ये टूम निघालीय: लॅडर (मशीनच्या कंट्रोलरचा शिडीसारखा आकृतीतला प्रोग्राम) सोडा, स्टेटचार्ट (मशीनच्या अवस्था म्हणजे 'स्टेट', आणि एकीतनं दुसरीत जायचे बाण दाखवणारं चित्र) काढा, कोड आपोआप पडतो. माझं मत, ज्या चित्राचा अर्थ गणितात बांधलेला नाही त्यावर सही करू नये.

'चालू' ही मोठी स्टेट, तिच्या पोटात 'मोल्डिंग'. 'गार्ड (मशीनचं सुरक्षा झाकण) उघडलं' या एकाच इव्हेंटवर, म्हणजे घटनेवर, दोन बाण आहेत: मोठीवरनं 'बंद'कडं, आतलीवरनं 'विराम'कडं. जायचं कुठं? स्टेटमेट या स्टेटचार्टच्या टूलच्या नियमानं बाहेरचा बाण जिंकतो, यूएमएल या सॉफ्टवेअर आराखड्यांच्या प्रमाण चित्रभाषेच्या नियमानं आतला. चित्र तेच, मशीन दोन! स्टेटचार्ट काढणाऱ्या डेव्हिड हरेल यांचा त्यावरचा लेख 1987 चा. 1994 मध्ये स्टेटचार्टच्याच वीसहून अधिक प्रकारांची तुलना करायची वेळ आली होती.

पीएलसीवाला: भावा, गार्ड सॉफ्टवेअरवर सोडतंय कोण? ते सेफ्टी रिलेवरनं, म्हणजे वेगळ्या सुरक्षा स्विचवरनं, तुटतं. आणि आम्ही टूल एकच वापरतो, ते करंल तो अर्थ. एसएफसीत (पीएलसी म्हणजे मशीनच्या कंट्रोलरची पायऱ्यापायऱ्यांची चित्रभाषा) फाटा फुटला तर डावीकडनं बघायचं, हे आयईसी 61131-3 या पीएलसीच्या भाषांच्या मानकात लिहिलंय. रात्रपाळीचा मेंटेनन्सवाला समीकरणं वाचणार हाय व्हय?

शिरोलीकर: रिले मशीन थांबवंल, पण परत चालू करताना सायकल कुठनं धरायची हे स्टेटच ठरवते. आणि डावीकडनं बघायचं हे लिहून ठेवलंय म्हणूनच तुम्ही निवांत. समीकरणं टूल बनवणाऱ्यानं पाळायची, मेंटेनन्सवाल्यानं नव्हे.

राजारामपुरी कट्टा: बाणांचं भांडण सोपं आहे, एक नियम केला की मिटलं. गोची एका स्टेपच्या, म्हणजे चार्टच्या एका पावलाच्या, आत आहे. समांतर दोन स्टेटपैकी एकीनं इव्हेंट सोडला तर दुसरीला तो याच स्टेपमध्ये दिसतो की पुढच्या? स्टेटमेट पुढच्या म्हणतं. याच स्टेपमध्ये म्हणायला गेलात तर 'ब हा इव्हेंट नसेल तर ब सोड' असा बाण काढता येतो, आणि त्याचं उत्तरच नाही. नूएली आणि शालेव या संशोधकांनी 1991 मध्ये या 'याच स्टेप'च्या अर्थाचाच कीस पाडला. एस्टरेल या प्रोग्रामिंग भाषेचा कंपायलर असला प्रोग्राम सरळ नाकारतो, मला तेच बरं वाटतं.

पीएलसीवाला: हे आमच्याकडं रोजचं हाय. चाळिसाव्या रंगमध्ये (लॅडरची पायरी) फ्लॅग म्हणजे खूण लावली तर दहाव्याला ती पुढच्या स्कॅनला, म्हणजे प्रोग्रामच्या पुढच्या फेरीला, दिसते. पण लॅडरमधी ते डोळ्यासमोर असतंय, वरनं खाली. मग चित्रच नको की!

शिरोलीकर: लॅडर तरी दुसरं काय, चित्रच की. 'वरनं खाली' कागदावर लिहिलेलं नसतंय, तुम्हाला पाठ हाय.

कागल फाटा: स्टेटफ्लो या स्टेटचार्टच्या टूलमध्ये समांतर स्टेटवर क्रमांक दिसतो, कोण आधी चालणार ते कळतं. आमचं तेवढ्यावर भागतंय.

राजारामपुरी कट्टा: भागतंय, कारण तिथं समांतर स्टेट खरोखर एकदम चालतच नाहीत, रांगेत चालतात. तोच आराखडा यूएमएलच्या टूलमध्ये नेलात तर तो क्रम कुठं नेणार?